तीन इंजिनांचे विमान

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिघे मिळून निघाले की काम तडीस जात नाही, असा तिचा भावार्थ. परंतु याच तीन आकड्याविषयी आपल्या घरातील अनुभव निराळे सांगतो. तीन दगडांची चूल डगमगत नाही. तिवई कशाही उंचसखल जमिनीवर ठेवली तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. प्रवासी विमानांच्या इतिहासात या दोन्ही समजुतींची कसोटी लागली आहे. १९६४ पासून पुढची पंचवीस-तीस वर्षे जगातील हवाई प्रवासाचा फार मोठा भार तीन इंजिनांच्या जेट विमानांनी वाहिला. आज मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या विमानांची इंजिने मोजली, तर जवळजवळ प्रत्येकाला दोन आढळतील. क्वचित एखाद्याला चार. तीन इंजिनांचे मोठे प्रवासी विमान मात्र दिसावयाचे नाही. एवढा मोठा वंश उदयास कसा आला आणि दोन पिढ्यांत मावळला कसा, हे आज पाहावयाचे आहे. त्या निमित्ताने, विमान सुरक्षित आहे असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, याचाही उलगडा होईल. आणि विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचा त्या प्रश्नाशी संबंध आहे.

विमानाला एकाहून अधिक इंजिने लागतात तरी कशाला? मोटार वाटेत बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशात रस्त्याला कडा नसते. एक इंजिन थांबले तर दुसऱ्याने विमान तोलून धरावे, एवढ्यासाठी ही तरतूद. सुरुवातीची पेट्रोलवर चालणारी पिस्टन इंजिने नाजूक प्रकृतीची होती. तापलेले सिलिंडर, एकसारख्या उघडझाप करणाऱ्या झडपा, शेकडो हलते भाग. त्यांपैकी काही ना काही बिघडावयाचेच. म्हणून १९२० नंतरच्या दशकात फोकर आणि फोर्ड या कंपन्यांनी तीन इंजिनांची विमाने बांधली. १९२९ च्या मार्च महिन्यात इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये विमानाने टपाल सुरू झाले, तेव्हा इजिप्तपासून कराचीपर्यंतचा टप्पा डी हॅविलंड कंपनीची ‘हर्क्युलिस’ नावाची तीन इंजिनांची विमानेच पार करीत असत. म्हणजे तीन इंजिनांची कल्पना जेट विमानांहून जुनी आहे.

पुढे या अविश्वासाला कायद्याचे रूप आले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामकांनी असा दंडक घातला की, चारांहून कमी इंजिने असलेल्या प्रवासी विमानाने एक इंजिन बंद पडल्यास साठ मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जाऊ नये. याचा सरळ अर्थ असा की, अटलांटिकसारखा महासागर थेट ओलांडावयाचा तर चार इंजिने हवीत. दोन इंजिनांच्या विमानाने किनाऱ्याकिनाऱ्याने, बेटाबेटाने, वळसे घेत जावे. हा साठ मिनिटांचा नियम ध्यानात ठेवावा. आपल्या कथेतील बहुतेक सूत्रे त्याच्याच हाती आहेत.

आता थोडे अंकगणित. विमानाच्या आयुष्यातील सर्वांत कठीण क्षण म्हणजे धावपट्टी सोडण्याचा. टाक्या इंधनाने भरलेल्या, वेग जेमतेम पुरेसा, आणि थांबण्यास जागा उरलेली नाही. नेमके त्याच क्षणी एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्या इंजिनांनी विमान वर चढविले पाहिजे, अशी अट असते. समजा, अशा वेळी चढण्यासाठी बारा मापे रेटा लागतो. चार इंजिने असतील तर उरलेल्या तिघांनी मिळून बारा मापे द्यावयाची. म्हणजे प्रत्येकाचा वाटा चार मापांचा आणि चौघांचा मिळून रेटा सोळा मापांचा. तीन इंजिने असतील तर उरलेल्या दोघांना प्रत्येकी सहा मापे द्यावी लागतात, एकूण अठरा. दोनच असतील तर उरलेल्या एकट्याने सगळी बारा मापे पेलावयाची, एकूण चोवीस. म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाने गरजेच्या दुप्पट बळ बरोबर वागविले पाहिजे, आणि ते बळ एरव्ही निम्मे निष्क्रिय राहावयाचे. उलटपक्षी चार इंजिने म्हणजे चौघांची देखभाल, चौघांचे सुटे भाग आणि इंधनाचा खर्च. तीन हा आकडा या दोन टोकांच्या मधला. तो एका अर्थाने व्यवहारी माणसाचा तोडगा होता.

जेट इंजिनाने प्रवासी वाहतुकीत प्रवेश केला तो १९५२ मध्ये, ब्रिटिशांच्या ‘कॉमेट’ विमानाबरोबर. अमेरिकेचे ‘बोइंग ७०७’ १९५८ मध्ये आले. दोघांनाही चार इंजिने होती, आणि दोन्ही लांब पल्ल्यासाठी योग्य. परंतु तासा-दोन तासांच्या अंतरावरील शहरांमध्ये, आखूड धावपट्ट्यांवर, ही मोठी विमाने परवडत नव्हती. तेथे काय वापरावे? अमेरिकेत या प्रश्नाला तीन कंपन्यांनी तीन उत्तरे दिली. युनायटेड या कंपनीचे एक मोठे केंद्र डेन्व्हरला, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंचीवर होते. तेथील विरळ हवेत इंजिनांचा जोर कमी पडतो. तेव्हा तिला चार इंजिने हवी होती. अमेरिकन एअरलाइन्सची नजर खर्चावर होती. तिला दोन पुरेशी वाटत. ईस्टर्नची विमाने कॅरिबियन बेटांकडे समुद्रावरून जात; तिला निदान तीन हवी होती. बोइंग कंपनीने अखेर तीन हा आकडा मान्य केला. ‘बोइंग ७२७’ हे विमान अशा वाटाघाटींतून जन्माला आले.

‘७२७’ ने पहिले उड्डाण ९ फेब्रुवारी १९६३ रोजी केले आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी ते ईस्टर्नच्या सेवेत रुजू झाले. त्याची तिन्ही इंजिने शेपटीजवळ होती: दोन धडाच्या दोन बाजूंना आणि एक मधोमध, शेपटीच्या बुडाशी. त्यामुळे पंख मोकळे राहिले, आणि त्यांच्या मागच्या कडेला तीन पदरी झडपा बसविता आल्या. उतरताना त्या उलगडल्या की पंखाचा विस्तार वाढतो आणि विमान कमी वेगातही तरंगते. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळाची एक धावपट्टी पाच हजार फुटांहूनही आखूड होती. तिच्यावर हे जेट उतरू शकावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती आणि ती त्याने पुरी केली. इंजिने विमानाच्या मध्यरेषेजवळ असल्यामुळे एखादे बंद पडले तरी विमान एका अंगाला फारसे ओढले जात नसे. जमिनीवर उभे असताना वीज आणि हवा पुरविण्यासाठी त्याच्या पोटात एक लहानसे स्वतंत्र इंजिन होते, आणि शेपटीखालून खाली उतरणारा स्वतःचा जिनाही होता. ज्या गावच्या विमानतळावर शिडी नाही, विजेची गाडी नाही, तेथेही ते विमान स्वावलंबी असे.

या जिन्याची एक हकीगत जगभर गाजली. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी एका इसमाने अमेरिकेत असे एक विमान ओलीस धरले, दोन लाख डॉलर आणि हवाई छत्र्या मागून घेतल्या, आणि रात्रीच्या अंधारात याच मागच्या जिन्यावरून खाली उडी टाकली. तो कोण होता, याचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही. त्यानंतर त्या जिन्याला एक लहान पाते बसविण्यात आले. वाऱ्याच्या दाबाने ते वळते आणि उड्डाणात जिना उघडू देत नाही.

बोइंगच्या आधी ब्रिटनने या वाटेवर पाऊल टाकले होते. ‘ट्रायडेंट’, म्हणजे त्रिशूळ, हे नाव सार्थ असलेले विमान ९ जानेवारी १९६२ रोजी, ‘७२७’ च्या वर्षभर आधी, आकाशात गेले. धुके भेदून उतरण्याची विद्या प्रवासी वाहतुकीत प्रथम या विमानाने आणली: १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला प्रवासी घेऊन आलेल्या ट्रायडेंटची चाके स्वयंचलित यंत्राने जमिनीला टेकविली. परंतु गुण असून दैव आडवे आले, आणि ते दैव माणसाने घडविलेले होते. ब्रिटिश युरोपियन एअरवेज या सरकारी कंपनीला १९५९ मध्ये वाटले की, प्रवाशांची संख्या घटणार. म्हणून तिने मूळ आराखडा लहान करावयास लावला. विमान त्या एका कंपनीच्या मापाचे झाले आणि इतरांच्या उपयोगातून गेले. पुढे प्रवासी वाढले, तेव्हा विमान लांब करावे लागले आणि जोर पुरेना म्हणून शेवटच्या प्रकारात शेपटीत एक चौथे, छोटे साहाय्यक इंजिन बसवावे लागले. ट्रायडेंट एकूण ११७ बांधली गेली. बोइंग ‘७२७’ ची संख्या, १९८४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत, १८३२ वर गेली. एक हजाराहून अधिक खप झालेले ते पहिले जेट प्रवासी विमान होय.

सोव्हिएत संघातही याच सुमारास तीन इंजिनांची विमाने पुढे आली. खेड्यापाड्यांतील गवताळ धावपट्ट्यांसाठी ‘याक-४०’ आणि मोठ्या शहरांसाठी ‘तुपोलेव्ह-१५४’. दोहोंचीही संख्या हजाराच्या आसपास गेली. या तुपोलेव्हचा भारताशी एक वेगळाच संबंध आला. १९९२-९३ च्या हिवाळ्यात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या संपाच्या काळात उझबेकिस्तानची अशी विमाने कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेण्यात आली होती. त्यांपैकी हैदराबादहून आलेले एक विमान ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले व पेटले. परंतु त्यातील १६५ जणांपैकी कोणाचाही प्राण गेला नाही.

येथे एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. दोन इंजिने दोन पंखांना लावता येतात. तिसरे ठेवावयाचे कोठे? ते मध्यरेषेवरच हवे, म्हणजे शेपटीत. मग त्याला हवा कशी मिळणार? ‘७२७’, ‘ट्रायडेंट’ आणि पुढे लॉकहीडचे ‘ट्रायस्टार’ यांनी शेपटीच्या मुळाशी, धडाच्या वर एक तोंड ठेवले आणि तेथून नागमोडी वाटेने हवा खाली इंजिनापर्यंत नेली. मॅकडोनेल डग्लस कंपनीने ‘डीसी-१०’ मध्ये इंजिन सरळ शेपटीच्या उभ्या पात्यात, उंचावर बसविले. पहिल्या पद्धतीत बोगदा बांधण्याची कटकट. दुसरीत इंजिनाला हात लावावयाचा तर कामगारांनी तीस फूट उंच परातीवर चढावयाचे. कोणतीही पद्धत घेतली तरी तिसऱ्या इंजिनाची किंमत पहिल्या दोघांहून अधिक पडे. हा हिशोब तेव्हा कोणी फारसा मनावर घेतला नाही. तो पुढे चुकता करावा लागला.

१९६४ मध्ये आणखी एक घटना घडली. साठ मिनिटांच्या नियमातून तीन इंजिनांच्या जेट विमानांना वगळण्यात आले. महासागराचे दार त्यांना उघडले, दोन इंजिनांना मात्र ते बंदच राहिले. या एका सवलतीमुळे तीन इंजिनांच्या विमानाला जे स्थान मिळाले, ते केवळ यंत्रशास्त्राने मिळाले नसते. १९६६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एका रुंद, अडीचशे प्रवाशांच्या विमानाची मागणी नोंदविली, तेव्हा तिच्या मनात दोन इंजिने होती. परंतु इतर कंपन्यांच्या गरजा, उष्ण आणि उंच ठिकाणच्या धावपट्ट्या आणि समुद्रावरचा हा नियम यांचा मेळ घालता घालता आराखडा तीन इंजिनांवर येऊन थांबला. दुर्दैव असे की, एकाऐवजी दोन कंपन्यांनी तो उचलला. ‘डीसी-१०’ ने २९ ऑगस्ट १९७० रोजी आणि लॉकहीडच्या ‘ट्रायस्टार’ ने त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला पहिले उड्डाण केले. जेथे एका विमानाला पुरेसे गिऱ्हाईक होते, तेथे सारख्याच मापाची दोन विमाने उभी राहिली.

या स्पर्धेने दोन देशांची सरकारे हादरली. ‘ट्रायस्टार’ साठी ब्रिटनची रोल्स-रॉइस कंपनी नवे इंजिन तयार करीत होती. त्याच्या पंख्याची पाती कार्बनच्या तंतूंची करावयाचे ठरले होते. परंतु उडत्या पक्ष्याचा आघात सोसण्याच्या परीक्षेत ती टिकली नाहीत. खर्च वाढत गेला आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी ही नामांकित कंपनी दिवाळ्यात निघाली. ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. अमेरिकेत लॉकहीडला वाचविण्यासाठी पंचवीस कोटी डॉलरांच्या कर्जाची सरकारी हमी द्यावी की नाही यावर वाद माजला, आणि सिनेटमध्ये तो ठराव केवळ एका मताने संमत झाला. विमान उत्तम निघाले. तरीही गिऱ्हाईक मिळविण्यासाठी लॉकहीडने परदेशांत लाच वाटल्याचे १९७६ मध्ये उघडकीस आले, आणि जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना त्याच प्रकरणी अटक झाली. इतके करून ‘ट्रायस्टार’ अवघी २५० बांधली गेली आणि लॉकहीडने प्रवासी विमानांचा धंदाच सोडला.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या आपल्या सरकारी कंपन्यांनी तीन इंजिनांचे जेट विमान कधी विकत घेतले नाही. चार इंजिनांच्या ‘७०७’ आणि जंबो विमानांकडून एअर इंडिया थेट दोन इंजिनांच्या एअरबसकडे वळली. तरीही आपल्यापैकी पुष्कळांनी या विमानांतून प्रवास केला असेल. कारण आखाती देशांत पोटापाण्यासाठी जाणाऱ्या कोकणातील आणि मुंबईतील माणसांना ‘गल्फ एअर’ ची ट्रायस्टार विमाने परिचयाची होती.

श्रोतेहो, आता कथेचा गंभीर भाग येतो. तीन इंजिने असली म्हणजे एकाच्या बिघाडाने काही बिघडत नाही, या विश्वासावर हा सारा डोलारा उभा होता. प्रत्यक्ष अपघातांनी त्या विश्वासातील उणीव दाखविली. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्की कंपनीचे ‘डीसी-१०’ कोसळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिने चालू होती. परंतु माल भरण्याचे दार हवेत उघडले, आतल्या हवेच्या दाबाने वरची जमीन खचली आणि तिच्याखालून शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा एकदम तुटल्या. २५ मे १९७९ रोजी शिकागो येथे उड्डाण करतानाच दुसऱ्या ‘डीसी-१०’ चे डावे इंजिन आधारासकट पंखापासून उखडून पडले आणि २७३ जणांचा बळी गेला. उरलेली दोन इंजिने तेव्हा व्यवस्थित चालत होती. परंतु निखळलेल्या इंजिनाने जाता जाता पंखातील नळ्या तोडल्या, त्या बाजूच्या पंखाच्या पुढील झडपा मिटल्या, आणि वैमानिकांना धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेची वीजही त्याच इंजिनाबरोबर गेली. मूळ कारण देखभालीत होते: वेळ वाचावा म्हणून इंजिन आणि त्याचा आधार एकत्रच, माल उचलणाऱ्या गाडीवर तोलून काढण्याची पद्धत पडली होती आणि तिने आधाराला तडा गेला होता.

याहून बोलका प्रसंग ५ मे १९८३ चा आहे. त्यात सुदैवाने कोणी दगावले नाही. ईस्टर्न कंपनीचे एक ‘ट्रायस्टार’ मायामीहून बहामा बेटांतील नासाऊ येथे १७२ जणांना घेऊन निघाले. वाटेत मधल्या इंजिनाच्या वंगणाचा दाब उतरू लागला. वैमानिकांनी ते बंद केले आणि मागे फिरले. थोड्याच वेळात उजवे इंजिन थांबले, आणि मग डावेही. खाली समुद्र. प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे चढविण्यास सांगण्यात आले. विमान सुमारे चार हजार फुटांपर्यंत खाली आले असता, आधी बंद केलेले मधले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्या एकट्याच्या बळावर ते मायामीला सुखरूप पोहोचले. तपासात काय निघाले? वंगणात धातूचा कीस येतो की काय हे पाहण्यासाठी प्रत्येक इंजिनाला एक चुंबकी बूच असते. आदल्या रात्री ती तिन्ही बुचे बदलताना त्यांच्यावरची लहानशी रबरी कडी बसवावयाची राहून गेली होती. एकदा नव्हे, तिन्ही ठिकाणी. वंगण गळून गेले. तीन इंजिने होती खरी, पण त्यांच्यावर एकच चूक तीन वेळा झाली होती.

१९ जुलै १९८९ रोजी ‘डीसी-१०’ ची आणखी एक परीक्षा झाली. डेन्व्हरहून शिकागोला जाणाऱ्या विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची चकती फुटली. टायटॅनियम धातूत घडणीच्या वेळीच एक दोष राहिला होता. विमानाची सुकाणू-यंत्रणा हलविण्यासाठी दाबाखालील तेलाच्या तीन स्वतंत्र व्यवस्था होत्या. परंतु तिन्हींच्या नळ्या शेपटीत त्याच इंजिनाजवळून जात होत्या. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही एकाच वेळी रिकाम्या झाल्या. कॅप्टन आल्फ्रेड हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत ते विमान आयोवा राज्यातील सू सिटीपर्यंत आणले. प्रवाशांत बसलेले त्याच कंपनीचे प्रशिक्षक डेनिस फिच यांनीही त्यांना हात दिला. उतरताना विमान मोडले. ११२ जण गेले, १८४ वाचले. ज्या तिसऱ्या इंजिनाने सुरक्षितता वाढवावयाची, त्याच्याच जागेने तीन रक्षकांना एका फटक्यात निकामी केले.

या प्रसंगांतून एकच गोष्ट दिसते. घराला तीन कुलपे लावली, पण तिन्हींच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या, तर ती तीन कुलपे नव्हेत. ते एकच कुलूप होय. संख्येला अर्थ येतो तो त्या वस्तू एकमेकींपासून खरोखर वेगळ्या असतील तरच. १९८२ च्या जून महिन्यात इंडोनेशियावरून जाणाऱ्या एका जंबो विमानाची चारही इंजिने ज्वालामुखीच्या राखेने एकामागून एक थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली म्हणून प्रवासी वाचले. राखेला इंजिने मोजता येत नाहीत.

इकडे इंजिने मात्र सुधारत होती. जेट इंजिनाचे फिरते भाग थोडे, गती एकसारखी. वर्षे जात गेली तसतसे ते हजारो तास न थांबता चालू लागले. १९७४ मध्ये युरोपात ‘एअरबस ए-३००’ हे रुंद, पण दोनच इंजिनांचे विमान सेवेत आले. १९७६ पासून इंडियन एअरलाइन्सनेही ते वापरले. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि प्रत्येक कंपनी इंधनाचा थेंब मोजू लागली. तिसऱ्या इंजिनाचे इंधन, तिसऱ्याची देखभाल, शेपटीचे वजन, या सर्वांचा हिशोब आता कागदावर येऊ लागला. एवढ्यात प्रश्न विचारला गेला: साठ मिनिटांचा नियम पिस्टन इंजिनांसाठी केलेला होता, तो आजच्या इंजिनांना का लागू असावा?

१९८५ मध्ये नियम सैल झाला. सिद्धता दाखविणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांना विमानतळापासून १२० मिनिटांच्या अंतरापर्यंत जाण्याची परवानगी मिळाली, आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ‘ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स’ चे ‘बोइंग ७६७’ या नव्या नियमाखाली बोस्टनहून पॅरिसला गेले. १९८८ मध्ये ही मर्यादा १८० मिनिटांवर आली. या सवलतीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ वैमानिक थट्टेने असा लावीत: इंजिने फिरोत, नाहीतर प्रवासी पोहोत. परंतु सवलत फुकट नव्हती. १८० मिनिटांसाठी अट अशी की, इंजिन हवेत बंद करावे लागण्याचे प्रमाण पन्नास हजार तासांत एकाहून अधिक नसावे. विजेची जादा सोय हवी, मालाच्या कप्प्यातील आग तितका वेळ दाबून ठेवता आली पाहिजे. आणि देखभालीत एक साधी, शहाणपणाची काळजी शिरली: शक्यतो एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांना हात लावू नये. मायामीच्या त्या रबरी कड्यांचा धडा येथे कामी आला.

यानंतर तीन इंजिनांच्या विमानाला विशेष काही सांगण्यासारखे उरले नाही. मॅकडोनेल डग्लसने ‘डीसी-१०’ ला लांब करून ‘एमडी-११’ काढले. ते १९९० मध्ये सेवेत आले, पण आश्वासन दिलेला पल्ला त्याला सुरुवातीस गाठता आला नाही. १९९५ मध्ये ‘बोइंग ७७७’ आरंभापासूनच १८० मिनिटांची परवानगी घेऊन आले. त्याच्या पुढील प्रकाराच्या एकेका इंजिनाचा रेटा पहिल्या ‘७२७’ च्या तिन्ही इंजिनांच्या एकत्र रेट्याच्या अडीचपटीहून अधिक आहे. २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जाण्यास सुरुवात केली ती याच दोन इंजिनांच्या विमानाने. १९९७ मध्ये मॅकडोनेल डग्लस बोइंगमध्ये विलीन झाली आणि ‘एमडी-११’ चे उत्पादन २०० विमानांवर थांबले.

मग एकेक दिवा विझत गेला. ‘डीसी-१०’ ने नियमित प्रवासी सेवेतून फेब्रुवारी २०१४ मध्ये निरोप घेतला. ती शेवटची फेरी आपल्या शेजारच्या ‘बिमान बांगलादेश’ ची होती, ढाक्याहून बर्मिंगहॅमला. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला डच कंपनी केएलएमचे शेवटचे प्रवासी ‘एमडी-११’ माँट्रियलहून ॲम्स्टरडॅमला उतरले. ‘७२७’ ची शेवटची नियमित प्रवासी फेरी जानेवारी २०१९ मध्ये इराणात झाली, आणि रशियन कंपनीच्या सेवेतील ‘तुपोलेव्ह-१५४’ ने ऑक्टोबर २०२० मध्ये सैबेरियातून शेवटचे प्रवासी नेले. मालवाहतुकीत ‘एमडी-११’ पुढेही राहिले. परंतु ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे अशा एका विमानाचे डावे इंजिन उड्डाण करतानाच आधारासकट सुटले. तिन्ही कर्मचारी आणि जमिनीवरील अनेक जण बळी पडले, आणि ही विमाने तपासणीसाठी जमिनीवर थांबविण्यात आली. शिकागोची आठवण होऊन अनेकांच्या मनात चर्र झाले असेल. आता तीन जेट इंजिनांची परंपरा मुख्यतः फ्रान्सच्या दासो कंपनीच्या लहान, खासगी ‘फाल्कन’ विमानांत आढळते.

मग दोन इंजिनांवर विश्वास ठेवावा काय? १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर हा प्रश्न आपल्या देशात अनेकांनी विचारला असेल. प्राथमिक अहवालात अशी नोंद आहे की, जमीन सोडल्यावर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा, एका सेकंदाच्या आसपासच्या अंतराने, बंद झाला. ते कसे घडले याचा निवाडा या भाषणात करणे उचित नाही. परंतु एवढे म्हणता येईल की, सर्वांवर एकाच वेळी ओढवणाऱ्या संकटापुढे केवळ आकडा वाढवून भागत नाही. ट्रायस्टारची तिन्ही बुचे, सू सिटीच्या तिन्ही नळ्या आणि जंबोची चारही इंजिने याचीच साक्ष देतात.

तीन इंजिनांची विमाने वाईट होती म्हणून गेली नाहीत. माणसाचा इंजिनावर पुरता विश्वास नव्हता, त्या काळात त्यांनी भीती आणि खर्च यांच्यामध्ये सेतू बांधला आणि त्यावरून कोट्यवधी माणसे सुखरूप पलीकडे गेली. विश्वास कमावला गेला, तेव्हा सेतूचे काम संपले. मात्र तो विश्वास इंजिनाने आपोआप कमावलेला नाही. प्रत्येक अपघाताची निःपक्ष चौकशी, तिचे निष्कर्ष जगापुढे मांडण्याचा प्रामाणिकपणा, आणि रात्रपाळीत एका लहानशा रबरी कड्याकडे पुन्हा एकदा पाहणारा कामगार यांनी तो मिळविला आहे. पुढच्या खेपेस खिडकीशी बसून पंखाखालचे ते एकटे इंजिन दिसेल, तेव्हा त्याच्यामागे उभ्या असलेल्या या माणसांची आठवण ठेवावी. चूल तीन दगडांवर स्थिर राहते, हे खरे. पण दगड कोणी नीट बसविले आहेत, हेही पाहावे लागते.